औषधी वनस्पतींच्या आत राहणाऱ्या बुरशी आणि जिवाणूविरोधी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘झोन आला!’ अशी आरोळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अधूनमधून उठते. जिवाणूंच्या दुधाळ थरात कागदाच्या छोट्या चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटलेलं असतं, म्हणजे तेवढ्या जागेत जिवाणू वाढलेले नसतात. हाच तो झोन. त्या चकतीत एखाद्या औषधी वनस्पतीच्या पानातून काढलेल्या बुरशीचा अर्क जिरवलेला असतो. त्या वर्तुळाचा अर्थ काय आणि काय नाही, याबद्दल विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक मला तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळही तिथेच जास्त होतो.

एंडोफाइट म्हणजे नेमकं काय?

झाडाच्या ऊतींच्या आत राहणारा आणि निदान आयुष्यातला काही काळ तरी झाडाला वरकरणी कसलाही अपाय न करणारा सूक्ष्मजीव. मराठीत ‘अंतर्वासी’ म्हणता येईल, पण प्रयोगशाळेत सगळे एंडोफाइटच म्हणतात. तो जिवाणूही असू शकतो. या पानावर मात्र आपण बुरशीबद्दल बोलतोय.

हा शब्द जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ आंटोन द बारी यांनी १८६६ मध्ये वापरला. त्यांच्या लेखी झाडाच्या आत राहणारं सगळंच त्यात येत होतं, अगदी रोग करणारी बुरशीसुद्धा. ‘अपाय न करणारा’ ही अट पुढे आली आणि ओर्लांडो पेट्रिनी यांच्या १९९१ च्या व्याख्येने ती रूढ झाली. संबंध मात्र शब्दापेक्षा फारच जुना आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात जी वनस्पतींची जीवाश्मं सापडली, त्यांच्या ऊतींतही बुरशीचे तंतू आहेत.

म्हणजे झाडाला बुरशी लागली आहे का?

लागलेली नाही, राहतेय. पण ही सीमारेषा पक्की नाही. आज निमूट राहणारी बुरशी झाड दुष्काळाने किंवा म्हातारपणाने खचलं की रोग करू शकते. काही तर पान गळून पडण्याची वाट पाहतात आणि मग त्यालाच कुजवून खातात. घरात आधीपासून असल्यामुळे पंगतीत पहिला मान त्यांचाच.

एका पानात अशा किती बुरशी असतात?

तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरच्या जंगलात दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली गेली. त्यांतून दिसण्यावरून वेगळे वाटणारे ४१८ प्रकार निघाले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातले ५९ टक्के प्रकार फक्त एकेकदाच सापडले होते, म्हणजे आणखी पानं तपासली असती तर आणखी नवे निघाले असते. बरं, हे फक्त प्रयोगशाळेतल्या थाळीवर, म्हणजे पेट्री डिशमध्ये, वाढायला तयार झालेले. जे वाढलेच नाहीत ते डीएनए वाचल्याशिवाय कळतही नाहीत.

कोवळ्या पानात या बुरशी कमी असतात आणि जून पानात जास्त. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांची पालवी जवळजवळ रिकामीच फुटते. मग हवेतून, पावसाच्या थेंबांतून बीजाणू येऊन बसतात आणि आत शिरतात. गवतांमधल्या काही बुरशी मात्र बियांतूनच पुढच्या पिढीत जातात.

मग औषधी वनस्पतीच का तपासतात? कुठलंही झाड चालणार नाही का?

चालेल. औषधी वनस्पती निवडण्यामागे तर्क असा असतो की ज्या झाडाचा उपयोग लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जखमांवर, तापावर केला, त्याच्या आत काहीतरी खास रसायन असणार, आणि ते रसायन बनवण्यात किंवा सोसण्यात तिथल्या बुरशीचाही वाटा असणार. अडुळसा, कडुनिंब, तुळस, सदाफुली, गुळवेल अशी नावं प्रबंधांतून सारखी दिसतात ती यामुळेच.

माझं मत विचाराल तर हा तर्क अर्धाच खरा आहे. कडू, उग्र रसायनांनी भरलेल्या पानात टिकून राहणारी बुरशी रसायनांच्या बाबतीत तरबेज असण्याची शक्यता आहे, हे पटतं. पण झाडाचा औषधी गुण आणि त्यातल्या बुरशीचा गुण एकच असेल असं मुळीच नाही. कुणी न विचारणाऱ्या रानगवतातही उत्तम बुरशी सापडू शकते.

बुरशी जिवाणूंना मारते तरी कशाला?

जागेसाठी आणि अन्नासाठी. पानाच्या आत साखर मर्यादित आणि राहणारे अनेक. शेजाऱ्याची वाढ रोखणारं रसायन सोडणं हा जागा राखण्याचा एक मार्ग आहे. झाडालाही त्यातून रोगजंतूंपासून आयतं संरक्षण मिळत असावं, आणि काही झाडांत तसं दाखवताही आलं आहे.

बुरशीकडून प्रतिजैविकं घेण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या थाळीवर पडलेली पेनिसिलियम तर सगळ्यांना माहीत असते. सेफॅलोस्पोरिन गटाचा उगमही बुरशीतच आहे. सार्डिनियात जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये ती बुरशी समुद्रात सांडपाणी मिसळतं त्या ठिकाणच्या पाण्यातून मिळवली. त्वचेवर लावायचं फ्युसिडिक आम्ल बुरशीचंच. प्ल्युरोम्युटिलिन हा पदार्थ १९५१ मध्ये एका छत्रीच्या आकाराच्या बुरशीत सापडला आणि त्यापासून बनवलेल्या लेफाम्युलिनला न्यूमोनियासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली ती थेट २०१९ मध्ये. ६८ वर्षं!

झाडाचा औषधी गुण खरं तर त्यातल्या बुरशीचा असतो, हे खरं का?

काही ठिकाणी हो, बऱ्याच ठिकाणी नाही. आणि सर्वांत जास्त गाजावाजा नेमका जिथे झाला तिथे प्रकरण अवघड निघालं.

१९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गॅरी स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळणारं कर्करोगावरचं टॅक्सॉल त्याच झाडातली एक बुरशीही बनवते. बुरशीचं नाव टॅक्सोमायसिस आंद्रेआने. खळबळ उडणारच होती. तेव्हा टॅक्सॉलसाठी झाडं सोलावी लागत होती, आणि इथे तेच औषध पिंपात वाढवता येईल अशी आशा दिसली. प्रत्यक्षात मिळालेलं प्रमाण होतं लिटरमागे २४ ते ५० नॅनोग्रॅम. एक ग्रॅम औषध हवं तर किमान दोन कोटी लिटर द्रावण लागेल! पुढे अनेकांनी इतर बुरशींतही टॅक्सॉल सापडल्याचं लिहिलं, पण २०१३ मध्ये एका जर्मन गटाने या बुरशी पुन्हा नीट तपासल्या तेव्हा त्यांना टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवण्याचा पुरावा मिळाला नाही. आज टॅक्सॉल येतं ते झाडाच्या पेशी वाढवून, किंवा यूच्या सुयांसारख्या पानांतून मिळणाऱ्या जवळच्या रेणूवर रासायनिक प्रक्रिया करून.

आता उलटं उदाहरण. लोकोवीड नावाची रानटी झुडपं खाऊन गुरं भ्रमिष्टासारखी वागतात. त्यातलं विष स्वेन्सोनाइन. संशोधकांनी बियांची टरफलं काढून टाकली, म्हणजे टरफलातली बुरशी गेली. अशा बियांपासून वाढलेल्या रोपांत विष नव्हतं. इथे खटला निकाली निघतो: विष झाडाचं नाही, बुरशीचं.

फरक पुराव्याच्या जातीचा आहे. ‘आम्हाला बुरशीच्या अर्कात तोच रेणू दिसला’ हा दुबळा पुरावा. बुरशी काढली की रेणू जातो, किंवा तो रेणू बनवणारी जनुकं बुरशीत सापडतात, हा भक्कम पुरावा. नरक्या या झाडातून मिळणाऱ्या कॅम्प्टोथेसिनबद्दल किंवा कडुनिंबाच्या अझाडिराक्टिनबद्दल ‘बुरशीही बनवते’ असं वाचलंत तर हा प्रश्न आधी विचारा.

पानातली बुरशी बाहेर कशी काढतात?

गंमत अशी की यातलं मुख्य काम बुरशी मारण्याचंच आहे, बाहेरची.

निरोगी, डाग नसलेलं पान घेतात. शक्यतो तोडल्यापासून एक-दोन दिवसांत, तोवर थंड ठेवून. आधी वाहत्या पाण्याखाली धूळ घालवायची. मग लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोताखाली, ७० टक्के इथेनॉलमध्ये साधारण मिनिटभर, पुढे पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, पुन्हा इथेनॉलमध्ये अर्धा मिनिट आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुणं. वेळा पानाच्या जाडीवर ठरतात. तुळशीचं मऊ पान हायपोक्लोराइटमध्ये जास्त राहिलं की कडेने पांढुरकं होतं, आणि मग समजावं की द्रावण आत शिरलं आणि आतले रहिवासीही गेले. कडुनिंबाचं पान तेवढा वेळ सहज सोसतं.

त्यानंतर निर्जंतुक ब्लेडने पानाचे बारीक तुकडे करतात. तुकडे जितके लहान, तितके जास्त प्रकार मिळतात. मोठ्या तुकड्यातून वेगाने वाढणारी एकच दांडगी बुरशी बाहेर येते आणि बाकीच्यांना दाबून टाकते. तुकडे पीडीए, म्हणजे बटाटा आणि डेक्स्ट्रोजच्या अगारवर (जेलीसारख्या घट्ट माध्यमावर) ठेवायचे. त्यात क्लोरॅम्फेनिकॉलसारखं एखादं प्रतिजैविक घालतात, म्हणजे जिवाणू वर येत नाहीत. २५ ते २८ अंशांना ठेवून वाट पाहायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी थाळी उजेडासमोर तिरकी धरून पाहा. तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, विशेषतः शीर जिथे कापली गेली तिथून, कापसाच्या तंतूसारखं काहीतरी डोकावतं. हिरव्या पृष्ठावरून नाही, कापलेल्या कडेतून. मला इतक्या वर्षांनीही हे दृश्य आवडतं. तंतूचं टोक सुईने उचलून नव्या थाळीवर ठेवलं की शुद्ध कल्चर मिळतं. काही बुरशी पंधरा दिवसांनी, महिन्याने उगवतात. थाळ्या आठवड्यात फेकून देणाऱ्यांना त्या कधीच भेटत नाहीत.

ती आतलीच आहे, हवेतून पडलेली नाही, हे कशावरून?

शेवटचं धुतलेलं पाणी एका थाळीवर पसरायचं आणि धुतलेलं अख्खं पान दुसऱ्या थाळीवर क्षणभर दाबून उचलायचं. या दोन्हींवर काहीच उगवलं नाही तर पृष्ठभाग स्वच्छ होता असं म्हणता येतं. उगवलं तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. एका हंगामात मला तीन वेगवेगळ्या झाडांतून सुंदर निळसर-हिरवी पेनिसिलियम मिळाली, तिन्हींत अगदी सारखी. ‘सर्वत्र आढळणारा एंडोफाइट’ असं वहीत लिहूनही टाकलं. मग इनक्युबेटरच्या तळाशी पडलेली एक जुनी कोरी थाळी हाती आली, तिच्यावरही तीच बुरशी! माइट नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळ्याच्या कुळातले किडे एका थाळीतून दुसऱ्या थाळीत चालत गेले होते आणि पायांना बीजाणू चिकटवून सगळीकडे पेरत गेले होते. थाळीवर ठिपक्यांची वेडीवाकडी रांग दिसली तर हा संशय घ्यावा. तो महिना वाया गेला.

बुरशीचं नाव कसं ठरवतात?

आधी वसाहतीचा रंग, पोत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहून. पण कित्येक एंडोफाइट थाळीवर बीजाणू धरतच नाहीत, नुसतेच तंतू. तेव्हा आयटीएस हा डीएनएचा पट्टा वाचून नोंदींशी ताडतात. २०१२ मध्ये तो बुरशींसाठी अधिकृत ‘बारकोड’ म्हणून सुचवला गेला. फ्युजेरियम, कोलेटोट्रायकम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या गटांत मात्र आयटीएसवरून जात नक्की होत नाही. ‘९९ टक्के जुळलं’ म्हणून जातीचं नाव ठोकून देऊ नका.

जिवाणूविरोधी ताकद कशी मोजतात?

बुरशी द्रव माध्यमात दोन-तीन आठवडे वाढवतात, गाळतात आणि गाळलेल्या द्रवात इथाइल अ‍ॅसिटेट घालून हलवतात. बुरशीने सोडलेली बरीचशी उपयोगी रसायनं या द्रावकात येतात. द्रावक उडवून लावला की तळाशी तपकिरी, चिकट अर्क उरतो. काकवीसारखा दिसतो, वास मात्र प्रत्येकाचा निराळा.

पहिली चाचणी चकतीची. म्युलर-हिंटन अगारवर ठराविक दाटीचे जिवाणू पसरायचे, त्यावर अर्क जिरवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी झोन मोजायचा. चाळणी म्हणून ही चाचणी स्वस्त आणि मस्त आहे.

खरी चाचणी एमआयसी, म्हणजे जिवाणूंची दिसण्याजोगी वाढ रोखणारी किमान मात्रा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत नेतात, प्रत्येक खळग्यात जिवाणू सोडतात आणि कुठल्या खळग्यापर्यंत द्रव नितळ राहिला ते पाहतात. उत्तर मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. ठोकताळा असा: कच्चा अर्क १०० च्या खाली काम करत असेल तर पुढे जायला हरकत नाही, शुद्ध रेणू १० च्या खाली हवा. हजार-दोन हजारांना वाढ थांबली, तर साखरेच्या दाट पाकातही ती थांबते. त्याला शोध म्हणू नये.

नितळ राहिलेल्या खळग्यातला थेंब नव्या थाळीवर टाकला आणि तिथे जिवाणू पुन्हा उगवले, तर पदार्थ जिवाणूंना फक्त थोपवतो. नाही उगवले तर मारतो.

झोन किती मिलिमीटरचा असला की चांगला?

हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे.

चकतीच ६ मिलिमीटरची. तेव्हा ‘८ मिलिमीटरचा झोन’ म्हणजे चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर. पण मोठा झोन म्हणजे जास्त ताकद, असंही नाही. लहान, पाण्यात सहज मिसळणारा रेणू अगारमधून भराभर पसरतो आणि मोठं वर्तुळ काढतो. मोठा, तेलकट रेणू चकतीपाशीच अडकतो, भले तो दसपट प्रभावी असो. त्यात अर्क किती जिरवला तेही प्रत्येक प्रयोगात वेगळं. म्हणून ‘आमच्या अर्काचा झोन २२, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा २५, म्हणजे जवळपास बरोबरी’ ही तुलना निरर्थक आहे. एका बाजूला शेकडो पदार्थांची खिचडी, दुसऱ्या बाजूला ५ मायक्रोग्रॅम शुद्ध औषध.

शिवाय झोन फसवतोही. एकदा माझ्याकडच्या एका बुरशीचा गाळलेला द्रव झाडून सगळ्या जिवाणूंवर झोन देत होता. आम्ही खूश. मग कुणीतरी पीएचची पट्टी बुडवली आणि ती लाल झाली. बुरशीने माध्यम इतकं आंबट करून ठेवलं होतं की साधं माध्यम तेवढंच आंबट करून ठेवलं तरी तसाच झोन आला. अर्क विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओचंही तेच. नुसत्या डीएमएसओची चकती शेजारी नसेल तर त्या थाळीचा फोटोसुद्धा काढू नये.

अर्क स्टॅफिलोकॉकसवर चालतो, पण ई. कोलायवर का चालत नाही?

ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. त्यांना नेहमीच्या पटलाबाहेर आणखी एक पटल असतं, स्टॅफिलोकॉकसला ते नसतं. त्यातल्या अरुंद छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक), पाण्याशी सलगी असलेले रेणूच आत येतात. त्यातूनही कुणी शिरलाच तर त्याला उपसून बाहेर टाकणारे पंप तयार असतात. बुरशीचे बरेच रेणू मोठे आणि तेलकट, त्यामुळे दारातच अडतात. ग्रॅम-निगेटिव्हवर कमी मात्रेत चालणारा अर्क मिळाला तर तो जपून ठेवा, कारण टंचाई नेमकी तिथेच आहे.

आतापर्यंत ठोस असं काय सापडलंय?

कडुनिंबातल्या क्लोरिडियम या बुरशीतून २००९ मध्ये जॅव्हॅनिसिन हे लाल रंगद्रव्य मिळालं. ते स्यूडोमोनासवर मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम इतक्या कमी मात्रेत चालतं असं आढळलं. आकडा उत्तम आहे. पण हा रेणू नवा नव्हता, १९४० च्या दशकातच एका फ्युजेरियममधून तो वेगळा केला गेला होता. या क्षेत्रात असं पदोपदी होतं. म्हणून अर्क शुद्ध करण्याआधी त्याचं वस्तुमान मोजून ‘हा जुनाच गडी तर नाही ना’ हे पाहणं शहाणपणाचं.

दालचिनीच्या झाडातली मस्कोडोर आल्बस माझी विशेष आवडती. होंडुरासमध्ये सापडलेल्या या बुरशीचं काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. ती वायुरूप पदार्थ सोडते आणि त्याच बंद थाळीतल्या, न शिवलेल्या बुरशी आणि जिवाणू मारते. त्या वायूतले घटक एकेकटे वापरले तर तसं मारत नव्हते, मिश्रण मारत होतं. एकच रेणू वेगळा काढायच्या आपल्या सवयीला ही चांगली चपराक होती.

आणि ग्वानाकास्टेपीन. कोस्टा रिकातल्या एका झाडाच्या फांदीतली बुरशी, २००० साल, रेणूची रचना पूर्वी कधी न पाहिलेली, आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर, म्हणजे एमआरएसएवर, परिणामकारक. रसायनशास्त्रज्ञांची तो प्रयोगशाळेत बनवण्यासाठी अक्षरशः शर्यत लागली.

मग ही औषधं बाजारात का नाहीत?

ग्वानाकास्टेपीनचंच पुढे ऐका. तो जिवाणूंचं पटल फोडतो, आणि माणसाच्या तांबड्या रक्तपेशींचंही. संपली गोष्ट. जिवाणू मारणं सोपं आहे, ब्लीचही मारतं. माणसाला धक्का न लावता मारणं, तेही रक्तात विरघळून, यकृतातून सुखरूप बाहेर पडून, पुरेसा वेळ टिकून, हे अवघड. बहुतेक अर्क याच टप्प्यावर गळतात. खरं तर त्याच्या आधीच गळतात, कारण बरेचसे अभ्यास झोन मोजून तिथेच थांबलेले असतात.

वाट अगदीच बंद नाही. जुनिपर या झाडाच्या पानांतल्या बुरशीतून एन्फ्युमाफंगिन मिळालं, त्याच्यावर रासायनिक फेरफार करून आयब्रेक्साफंगर्प बनलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मात्र ते जिवाणूंवरचं नाही, यीस्टच्या संसर्गावरचं औषध आहे. पानातून निघून गोळीपर्यंत पोचता येतं एवढं त्यावरून दिसतं.

गरज किती मोठी आहे याचाही अंदाज असू द्या. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे.

माझी बुरशी आधी झोन द्यायची, आता देत नाही. काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. सारखं थाळीवरून थाळीवर नेत राहिलं की एंडोफाइट रसायन बनवणं कमी करतात, कधी थांबवतातही. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या एका फ्युजेरियममध्ये हे पिढी-दर-पिढी घडताना नोंदवलं गेलं आहे. झाडात शेजारी होते, भांडणं होती, झाडाकडून येणारे संकेत होते. थाळीवर फुकटची साखर आहे आणि कुणाशी वैर नाही. मग शस्त्रं घासूनपुसून कोण ठेवतं?

जनुकं बहुधा तिथेच असतात, नुसती गप्प बसलेली. त्यांना बोलतं करायचे उपाय आहेत. माध्यम बदला: तांदळावर वाढवा, द्रवात वाढवा, हलवत वाढवा, स्थिर ठेवा. एकाच बुरशीकडून परिस्थिती बदलून अनेक रेणू काढण्याच्या या पद्धतीला २००२ पासून ‘ओस्मॅक’ हे नाव आहे. दुसरा उपाय म्हणजे शत्रू शेजारी आणून बसवणं. फ्युजेरियम ट्रायसिंक्टमला बॅसिलस सबटिलिस या जिवाणूसोबत वाढवलं तेव्हा काही पदार्थांचं प्रमाण ७८ पटींपर्यंत वाढलं होतं.

वनस्पतीचा काढा घेतला तर बुरशीचे हे गुण मिळतील का? घरी बुरशी वाढवता येईल का?

पहिल्याचं उत्तर: त्याला काही आधार नाही. पानात हे रेणू असलेच तर अत्यल्प असतात.

दुसऱ्याचं उत्तर: नको. पानातून जी बुरशी निघते तीत फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस, अल्टर्नेरिया हमखास असतात आणि यांच्या काही जाती जहाल विषं बनवतात. झाडाला निरुपद्रवी म्हणजे खाणाऱ्याला निरुपद्रवी असं नाही. उंच फेस्क्यू नावाच्या गवतात राहणारी एपिक्लोई ही बुरशी गवताला कणखर करते, आणि तेच गवत चरणाऱ्या गुरांना आजारी पाडते. बीजाणू फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच.

या नव्या पदार्थांनाही जिवाणू सरावतील ना?

सरावतील. पेनिसिलिनचा सर्रास वापर सुरू होण्याआधीच, १९४० मध्ये, अब्राहम आणि चेन यांनी ते निकामी करणारं विकर जिवाणूंत पाहिलं होतं.

कुठूनही पान तोडून काम सुरू केलं तर चालतं का?

नाही. वनस्पती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव ज्या देशातले, त्यांच्या वापरावर त्या देशाचा हक्क आहे. हे १९९२ च्या जैवविविधता कराराने मान्य केलं आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेल्या नागोया प्रोटोकॉलने परवानगी आणि लाभातली वाटणी यांची चौकट घातली. बुरशी एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायची असेल तर कागद आधी करा. दुर्मीळ झाडाला तर हातच लावू नका. पाच पानांच्या प्रबंधासाठी साल सोलणं शोभत नाही.

प्रोजेक्टसाठी कोणती वनस्पती घेऊ?

तुम्हाला खात्रीने ओळखता येते ती, वर्षभर मिळते ती. आणि वीस वनस्पती घेऊन वीस झोन मोजण्यापेक्षा एकच घ्या, तिची कोवळी आणि जून पानं, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली, वेगवेगळी तपासा. एक अर्क घेऊन एमआयसीपर्यंत आणि रक्तपेशींच्या चाचणीपर्यंत जा. परीक्षक वीस फोटोंना कंटाळलेले असतात.

मिळालेली बुरशी जपून कशी ठेवायची?

पहिल्या दिवशीच. झोन येईपर्यंत थांबू नका, कारण तोवर ती चार थाळ्या फिरून बदललेली असते. शुद्ध झाल्याबरोबर वाढत्या कडेचे अगारसकट बारीक चौकोन कापा, काही निर्जंतुक पाण्याच्या कुप्यांत फ्रीजमध्ये ठेवा आणि काही ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना. कामाला लागेल तेव्हा दर वेळी मूळ कुपीतून नवी थाळी काढा. नाव, तारीख, झाड आणि पानाचा क्रमांक थाळीच्या तळावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.